वरच्या खोलीतली दुपार

माझे मिस्टर वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी आहेत. भाजीच्या गाड्या रात्री लागतात. नाशिक, पुणे, सातारा, कुठून कुठून माल येतो. टोळी रात्रभर गाड्या खाली करते आणि उजाडेपर्यंत तोच माल किरकोळवाल्यांच्या टेम्पोत चढवते. मग हे घरी येतात, आंघोळ करतात, दोन घास खातात आणि झोपायला वर जातात. म्हणजे कोपरखैरण्यात ऊन सगळ्यात कडक असतं, तीच यांच्या झोपेची वेळ.

आमचं घर म्हणजे सिडकोनं दिलेली छोटी बैठी खोली आणि तिच्यावर आम्ही चढवलेला मजला. खाली सासूबाई, मुलांचा अभ्यास, माझं शिलाईचं मशीन आणि फॉल-पिकोला साड्या घेऊन येणाऱ्या बायका. दिवसा झोपायचं तर वरचीच खोली. डोक्यावर उघडा स्लॅब, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि एकच खिडकी, तीही समोरच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून. गल्लीत एकेका घरात एसी आले, तसे त्यांचे बाहेरचे डबे आमच्या खिडकीच्या रांगेत बसले. आत त्यांना गार, बाहेर आम्हाला झळ. त्यांना तरी काय बोलणार? ऐपत असती तर आम्हीही लावलाच असता.

उन्हाची धास्ती आमच्याकडे खरी बसली ती खारघरमुळे. 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली माणसं भर उन्हात मैदानात बसली होती. उष्माघातानं 14 जण गेले. त्या दिवशीचा पारा होता 38 अंशांच्या आसपास. विदर्भातल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण आपल्याकडे हवेतच इतकी वाफ असते की घाम अंगावरून उडत नाही, नुसता ओघळतो. आणि घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनाऱ्यावर 37 पासून. त्यातही समुद्रावरचं वारं दुपारी वेळेवर सुटलं तर बरं. पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरून बसला आणि ते उशिरा सुटलं, की पारा चढतच जातो.

खारघरनंतर दुपारी उघड्यावर कार्यक्रम घ्यायला सरकारनं मनाई केली. दर उन्हाळ्यात मोबाइलवर सूचना येतात : दुपारी 12 ते 3 घराबाहेर पडू नका, सावलीत थांबा. सासूबाई मला त्या मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि वर बघून म्हणायच्या, ‘‘हा तर घरातच आहे की.’’

घरात किती गरम होतं, ते मला धाकट्याच्या तापामुळे कळलं. त्याचा ताप बघायला वरच्या खोलीतल्या फडताळावरचं पाऱ्याचं थर्मामीटर काढलं. त्याच्या काखेत लावण्याआधी बघते, तर पारा 101 वर. मागच्या वेळचा असेल म्हणून झटकलं, खाली उतरवलं आणि फडताळावर ठेवून पोराला पाणी पाजलं. परत बघितलं तर हळूहळू पुन्हा तिथंच. पोराला लावायच्या आधी खोलीलाच ताप! पंखा पाचवर होता. तो तीच हवा खालीवर करत होता.

त्याच उन्हाळ्यात यांच्या तक्रारी वाढल्या. पायात गोळे यायचे, लघवीला जळजळ व्हायची, गाडीवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. झोपून उठले की अंथरूण पिळून काढावं इतकं ओलं. मूळचा शांत माणूस, पण भांड्याचा आवाज झाला तरी खेकसायचा. ऊन लागलं म्हणावं, तर ऊन यांनी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, क्रिएटिनिन बघितलं आणि बीपीची गोळी कुठली ते विचारलं. ती होती जास्त लघवी होणारी. रात्री ओझी उचलताना पोट जड नको म्हणून हे पाणी बेतानंच पितात, त्यात ही गोळी. डॉक्टर म्हणाले, ‘‘गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला येऊन मला विचारायचं, डोस मी ठरवीन. मीठ-साखरेचं पाणीही बीपी असताना ऊठसूट प्यायचं नाही.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘यांचं अंग रात्री कामानं तापतं आणि दिवसा खोलीनं. निवायला वेळच मिळत नाही. झोपेत हृदयाला आराम मिळायचा, तर तेव्हाही ते अंग गार करायला धावतंय.’’

उपाय यांनाच सुचला, तोही मार्केटातला. कोथिंबीर, मेथी कोमेजू नये म्हणून ढिगावर ओलं गोणपाट टाकतात. गोणपाटाला आमच्याकडे काय तोटा? स्लॅबभर अंथरलं आणि त्यावर कपडे खळबळलेलं पाणी मारायला लागलो. दुपारी थर्मामीटर शंभराच्या खाली राहायला लागलं. पण तासाभरात सगळं खडखडीत वाळायचं. आमचं पाणी येतं खालापूरच्या मोरबे धरणातून. उन्हाळ्याच्या शेवटी कपात लागली की प्यायचं भरायचं की स्लॅब भिजवायचा? शेवटी चुन्यात फेविकॉल कालवून स्लॅबला दोन हात मारले. पांढरा स्लॅब कमी तापतो, हे हाताला कळतं. शेजारच्या स्लॅबवर पाय ठेवून बघा आणि आमच्या.

माझंही वेळापत्रक बदललं. रेशमी साडीवर घामाचा एक थेंब पडला तरी डाग राहतो आणि साडी गिऱ्हाइकाची. म्हणून एप्रिल-मेमध्ये मशीनवर पहाटे बसते. दुपारी मशीन बंद, म्हणजे कमाईही तेवढी कमी. उन्हाळ्याचा हा खर्च कुठल्या बिलात दिसत नाही.

2024 हे जगात आजवर मोजलेलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. हवा जितकी तापेल तितकी जास्त वाफ धरून ठेवते, एका अंशाला साधारण सात टक्के. आमच्यासारख्या खाडीकाठच्या माणसांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी उलटंच झालं. 11 जूनच्या सुमाराला येणारा पाऊस 2025 मध्ये 26 मेलाच मुंबईत दाखल झाला. स्लॅब गार पडला, पण तयारी कुणाचीच नव्हती. गोणपाटं घाईघाईनं उतरवली, कारण त्यात आणि ड्रमात पाणी साचलं की डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं. भिंतींना ओल आली आणि सासूबाईंचा दमा नेहमीपेक्षा लवकर उठला.

रात्रपाळीचे काय आमचे हेच आहेत? वॉचमन आहेत, एमआयडीसीतले कामगार आहेत, हॉस्पिटलातल्या मावशी आणि नर्स आहेत. यातले बरेचजण दुपारी असल्याच वरच्या खोल्यांत झोपायचा प्रयत्न करत असतात. ‘घरात थांबा’ ही सूचना त्यांच्या कामाची नाही. आमच्या वसाहतीतल्या समाजमंदिराचा हॉल तळमजल्यावर आहे, छत उंच आहे, समोरासमोर खिडक्या आहेत आणि लग्नसराई सोडली तर दुपारी त्याला कुलूप असतं. मार्च ते जून दुपारी तो रात्रपाळीवाल्यांना झोपायला उघडा ठेवावा, असा अर्ज आम्ही गल्लीतल्या बायकांनी दिला आहे. चटया आणि उशा घरून आणू, झाडलोट पाळीपाळीनं करू, असंही त्यात लिहिलंय. किल्ली तेवढी पाहिजे.