पद्मिनीचे डोअर पॅड आणि पाण्याचा निचरा



आज द्राक्षाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण शेवटी गाडी शेतावरच येणार आहे, तेव्हा वाचा.

आमच्या नानांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, 1984 चं मॉडेल. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टेअरिंगला. 1991 ला द्राक्षाचे पैसे चांगले झाले, तेव्हा नानांनी नाशिकहून सेकंडहँड आणली. आता नाना चौऱ्याऐंशीचे आहेत. गाडी मी चालवतो. ते रोज सकाळी शेजारच्या सीटवर बसून मळ्यात येतात, बाग बघतात आणि परत जातात. मोटरसायकलवर बसवत नाही, ट्रॅक्टरवर चढवत नाही. त्यामुळे ही गाडी बंद पडली तर नानांचा मळा बंद, एवढं सरळ आहे.

जानेवारीत नाना उतरताना दाराच्या आतल्या आर्मरेस्टला धरून उठले आणि ती आर्मरेस्ट स्क्रूसकट हातात आली. नाना गुडघ्यावर पडले. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा, पण पंधरा दिवस मळ्यात आले नाहीत. घरात बसून माणूस निम्मा झाला.

दार बघितलं. त्या गाडीच्या डोअर पॅडला आतून हार्डबोर्ड आणि वरून रेक्झिन असतं. बोर्ड भिजून भिजून फुगला होता, खालून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत होता. त्यात स्क्रू धरणार कशाला? जुन्या बाजारात पॅड शोधले. मिळाले तेही फुगलेलेच. मग मुलगा म्हणाला, "पप्पा, फायबरचे बनवू. ब्लोअरची टाकी फुटली की आपण फायबरनेच जोडतो ना?"

आमच्याकडे टाक्या जोडणारे एक भाऊ आहेत. त्यांच्याकडून पाच किलो रेझिन, फायबरची 450 ग्रॅमची मॅट आणि हार्डनर आणलं. 450 ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. भाऊ म्हणाले, "मी येतो रविवारी, तोवर हात लावू नका." आता शेतकऱ्याला हात लावू नका म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

पहिली चूक. आर्मरेस्टचा आकार द्यायला मी थर्माकोल घेतला. घरात पडलेलाच होता. कोरून छान आकार केला आणि वर रेझिन लावलं. बघता बघता थर्माकोल विरघळून खड्डा पडला. या रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल खातं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल न वाचता फवारणी केल्यासारखं झालं.

दुसरी चूक त्याच दिवशी. मे महिना, दुपारचे बारा, पत्र्याचं शेड. दीड किलो रेझिन एकदम बादलीत घेतलं आणि त्यात तीस मिली हार्डनर घातलं, म्हणजे दोन टक्के. मॅट कापायला वळलो, परत बघतो तर बादलीत दही लागलेलं. नंतर ती बादली तापली, धूर निघाला, प्लास्टिक वाकडं झालं. बाहेर मोकळ्या मातीवर नेऊन ठेवली म्हणून बरं. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. जेवढं जास्त एका जागी तेवढं जास्त तापतं, आणि जेवढं तापतं तेवढं लवकर घट्ट होतं.

रविवारी भाऊ आले. बादली बघून हसले नाहीत. आधी विचारलं, "चष्मा कुठाय? मास्क कुठाय?" मी खांद्यावरचा टॉवेल दाखवला. ते म्हणाले, "मग मी जातो." माणूस खरंच निघाला. मुलगा पिंपळगावहून गॉगल, हातमोजे आणि वासासाठीचा डबीवाला मास्क घेऊन आला, मग काम सुरू झालं. सिरिंजमधून हार्डनर काढताना एक थेंब उडाला आणि माझ्या गॉगलच्या काचेवर बसला. भाऊंनी नुसतं बोटाने दाखवलं. ते हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. गेलंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. आणखी एक त्यांनी दोनदा बजावलं. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचं नाही, स्फोट होतो. आमचं रेझिन कोबाल्ट घालूनच आलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण कुणी वेगवेगळं आणत असेल तर हे डोक्यात ठेवा.

आता पद्धत सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

माप जुन्या पॅडवरून घ्यायचं नाही, कारण तो फुगलेला. दारावरच पुठ्ठा लावून माप घ्यायचं. काचेच्या हँडलचं भोक, कडीचं भोक, सगळं पुठ्ठ्यावर. डाव्या दाराला एक बाजू, उजव्याला तोच पुठ्ठा उलटा. हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दोन्ही डावेच तयार होतील.

सनमायकाचा गुळगुळीत तुकडा टेबलावर पसरला. त्याला वॅक्स पॉलिशचे पाच हात दिले, प्रत्येक हात वाळवून पुसला. वॅक्स कमी पडलं तर पॅड सनमायकाला चिकटून बसतो. मग पहाटे सहाला, गारव्यात, चारशे ग्रॅम रेझिनला चार मिली हार्डनर, एवढंच कालवायचं. ते संपलं की पुढचं. ब्रशने रेझिन, वर मॅट, परत रेझिन, आणि ब्रश ठोकत ठोकत हवेचे बुडबुडे काढायचे. पांढरी मॅट पारदर्शक झाली की ती भिजली असं समजायचं. असे दोन थर. एका थराची जाडी साधारण एक मिलीमीटर होते. मला तिसरा थर द्यायचा होता, मजबुतीसाठी. भाऊंनी अडवलं. पॅड जाड झाला, वर फोम आणि रेक्झिन आलं, की काचेच्या हँडलला आतली दांडी पुरत नाही.

आर्मरेस्टला प्लायची चौकट केली, तिच्यावर जुना टी-शर्ट ताणून बसवला आणि त्याला रेझिन पाजलं. कापड कडक झाल्यावर मागून मॅटचे थर दिले. मग पुट्टी आणि पाणीपेपर. घासताना काचेची धूळ अंगाला खाजते, म्हणून ओलंच घासायचं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

मी समजत होतो की आता फायबरचं झालं म्हणजे नानांचं वजन पेलेल. भाऊ म्हणाले, "फायबर आकार धरतो. ओढ लोखंडानेच घ्यायची." मग दाराच्या आतल्या पत्र्यामागे तीन मिलीची पट्टी लावली आणि आर्मरेस्टचे बोल्ट पॅडमधून थेट त्या पट्टीत कसले. त्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघितली, बोल्टची शेपटी काचेला लागत नाही ना. एक लागत होता, तो कापला.

आणि हे करताना खरा रोग सापडला. काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच, गाडी कितीही चांगली असो. ते बाहेर जायला दाराच्या तळाला भोकं असतात. आमच्या दाराची सगळी भोकं चिखलाने आणि गंजाच्या चुऱ्याने बुजलेली. पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये जो प्लास्टिकचा कागद असतो तो फाटून गेलेला. किती वर्षं पाणी आत साठत होतं कुणास ठाऊक. मी डोअर पॅडला शिव्या देत होतो, आणि दोष निचऱ्याचा होता. भोकं तारेने मोकळी केली, गंज घासून आतून प्राइमर मारला, नवा जाड प्लास्टिक कागद चिकटवला. फायबर पाण्याने फुगणार नाही हे खरं, पण निचरा केला नसता तर पत्रा सडला असता आणि त्यात कसलेले बोल्ट एक दिवस असेच हातात आले असते. परत नाना जमिनीवर.

बागेत हे मला कळतं. मुळाशी पाणी उभं राहिलं की वर पानाला कितीही औषध मारा, वेल सुधारत नाही. घरच्या दारात मात्र दिसलं नाही.

सीटकव्हरवाल्याकडून पॅडवर पातळ फोम आणि तपकिरी रेक्झिन चढवून घेतलं. मुलाला स्पीकर बसवायचे होते. नाना म्हणाले, "होती तशी राहू दे." तशीच ठेवली, फक्त डाव्या दाराची आर्मरेस्ट चार बोटं लांब केली.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी दाराखाली बघितलं, भोकांतून पाणी टपटपत होतं, आतून पॅड कोरडा. मळ्यात पोचलो. मी उतरून पलीकडे जाईपर्यंत नानांनी दार उघडलं, आर्मरेस्ट धरली आणि स्वतः उभे राहिले. पॅडकडे बघितलंही नाही. बागेकडे बघत म्हणाले, "खालच्या पट्ट्यातली चारी उकरली का? पाणी तुंबलंय तिथं."

उकरली नव्हती. तेव्हाच फावडं घेऊन गेलो.

ता.क. तो गॉगल आणि मास्क आता ब्लोअरला अडकवलेला असतो. तीस वर्षं तोंडाला टॉवेल गुंडाळून फवारणी केली, आता करत नाही. तुमच्याकडे नसेल तर छाटणीच्या आधी आणून ठेवा.