सांगायचं कधी, ते त्याने ठरवायचं

अकरावीच्या मुलांना घेऊन मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात गेले होते. बाहेर पडल्यावर टॉल्स्टॉय मार्गाच्या चौकाजवळ एक मुलगा रेंगाळला. "मॅम, प्राइडवाले इथूनच जातात ना?" त्याने विचारलं. "हो, बाराखंबा रोडकडून जंतरमंतरला. 2008 पासून निघतो तो एलजीबीटी लोकांचा मोर्चा," मी सांगितलं. तो माझा चेहरा बघत होता. काही दिवसांनी स्टाफरूमबाहेर थांबून त्याने सांगितलं, की त्याला मुलगे आवडतात.

"खात्री आहे का?" किंवा "या वयात वाटतं असं," हे मी म्हटलं नाही. घरी कुणाला ठाऊक आहे, शाळेत कोण त्रास देतं, झोप लागते का, एवढं विचारलं. हेही सांगितलं, की ही गोष्ट माझ्यापाशीच राहील. मात्र कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर बालकांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला ते कळवावंच लागेल आणि तुझ्या जिवाला धोका वाटला, तर मी मदत मागेन. कुठलं गुपित राखता येईल आणि कुठलं नाही, हे मुलांना आधीच कळायला हवं.

वर्गात काही मुलांना 'मीठा', म्हणजे बायल्या, म्हणून चिडवत. पुढच्या वेळी तो शब्द दुसऱ्याच एका मुलाबद्दल कानावर आला, तेव्हा मी शिकवणं थांबवलं आणि हे इथे चालणार नाही, असं सगळ्यांना बजावलं. माझ्याशी बोललेल्या मुलाकडे पाहिलंही नाही. मूलभूत हक्कांच्या धड्याला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा 6 सप्टेंबर 2018 चा कलम 377 वरचा निकाल जोडून शिकवला.

मुलाचं नाव न घेता स्टाफरूममध्ये विषय काढला, तेव्हा एका सहकाऱ्यांचं मत पडलं, की अशा वेळी आईवडिलांना बोलावून सांगून टाकावं. मी ठाम नकार दिला. घरी कळल्यावर अनेकदा मारहाण होते, मुलाला 'बदलण्याचे' उपचार सुरू होतात. असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केलं, तरी आईवडील मुलांना घेऊन दारोदार हिंडतात. मुलींची तर कधी शाळाच सुटते. कधी सांगायचं आणि आधी कुणाला, हे त्या मुलाच्याच हाती राहायला हवं. त्याने हिवाळ्याच्या सुट्टीत आधी मावशीला सांगितलं. मग तिला बरोबर घेऊन आईशी बोलला.

मद्रास उच्च न्यायालयापुढे 2021 मध्ये घर सोडून आलेल्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींचं प्रकरण आलं होतं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी त्यात पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांना जागं करण्याचा मार्ग सुचवला. आता वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत मी हा विषय काढते, कुणाही मुलाचं नाव न घेता. मूल बोलण्याआधी घर थोडं तयार झालेलं असावं. ते काम आम्हा शिक्षकांना करता येतं आणि ते आम्हीच केलं पाहिजे.