बर्फ नाही, खेळाडू नाहीत, तरी फायनल!

सिम्युलेशन हॉकी लीग! हल्ली भेटेल त्याला मी हे नाव सांगत सुटले आहे. दापोलीच्या केळस्कर नाक्यावर सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना सांगते. लोक मान डोलावतात आणि हळूच विषय आंब्याच्या मोहराकडे नेतात. पण मला राहवतच नाही त्याला काय करू!

तर ऐका. आईस हॉकीची एक लीग आहे. संघ अमेरिका-कॅनडातल्या शहरांचे: हॅमिल्टन स्टीलहॉक्स, बफेलो स्टॅम्पीड, एडमंटन ब्लिझर्ड, टँपा बे बॅराकुडा. मोसम असतो, प्लेऑफ असतात, शेवटी चॅलेंज कप नावाचा करंडक असतो. आणि यातलं खरं म्हणाल तर काहीच नाही! मैदान नाही, बर्फ नाही, काठी नाही. खेळाडू कुणीतरी मनाने रचलेले आणि सामना खेळतो संगणक. फ्रँचायझी हॉकी मॅनेजर नावाचा एक संगणकीय खेळ आहे, त्यात सगळ्यांचे आकडे भरायचे आणि तो सांगेल तो निकाल मान्य करायचा. वर्गात मागच्या बाकावर बसून पुस्तकाची पानं उलटत बुक क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे निराळं समजावायला नको. शेवटचा आकडा शून्य आला की गावसकर आउट, आणि आपण खरोखर हळहळायचो!

पण बुक क्रिकेटची वही तासाबरोबर मिटायची. इथे तसं नाही. तुम्ही एक खेळाडू घडवता. त्याचं नाव, जन्मगाव, उंची, वजन, तो डाव्या हाताने मारतो की उजव्या, सगळं तुम्ही ठरवायचं. आधी कनिष्ठ लीग, तिथला फोर स्टार कप, मग मोठ्या संघाने निवडलं तर वर. प्रत्येक मोसमात त्याचं वय एका वर्षाने वाढतं. पुढे तो थकतो, त्याचे आकडे घसरतात, तो निवृत्त होतो, आणि लोक त्याच्यावर निरोपाचे लेख लिहितात. जो माणूस जन्मलाच नाही त्याच्यावर!

आणि आता खरी गंमत. खेळाडू सुधारायचा कसा? तर लिहून! सामन्यावर लेख लिहा, पोस्टर काढा, त्याचे लीगचे खोटे डॉलर मिळतात, आणि ते मोजून खेळाडूसाठी सराव विकत घ्यायचा. लेखाचे पैसे शब्दांवर. मराठीत लिहून पोट भरू पाहणाऱ्या मला हे वाचून गहिवरून आलं. खोटे तर खोटे, मानधन वेळेवर तरी मिळतं! म्हणजे गोल करायला मनगट लागत नाही, निबंध लागतो. शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसणाऱ्या तमाम मुलांचा इतका गोड सूड दुसऱ्या कुठल्या खेळाने घेतला असेल असं मला वाटत नाही.

फायनल जवळ आली की तर विचारूच नका. भाकितं, विडंबनगीतं, पोस्टरं. नसलेल्या गोलरक्षकाची मुलाखत, तीत त्याने नसलेल्या प्रशिक्षकावर केलेली आगपाखड, आणि त्यावर खुलासा. खुलासासुद्धा!

यातला थोडा वेडेपणा खऱ्या आईस हॉकीतूनच आलेला असणार. तिथल्या प्रेक्षकांचे प्रकार ऐकाल तर थक्क व्हाल. 1952 साली डेट्रॉईटमध्ये कुझिमानो नावाच्या दोघा मासेविक्रेत्या भावांनी भर सामन्यात बर्फावर ऑक्टोपस फेकला. का? तर स्टॅन्ली कप जिंकायला तेव्हा आठ सामने जिंकावे लागत आणि ऑक्टोपसला हात आठ. डेट्रॉईट रेड विंग्ज ओळीने आठही सामने जिंकले! झालं, तेव्हापासून तिथे ऑक्टोपस फेकायची प्रथाच पडली. मासे विकणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली कल्पना सत्तर वर्षांनंतरही चालू आहे म्हटल्यावर माझं डोकं थेट हर्णै बंदरावर गेलं.

कारण दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणत असले तरी इथे बर्फ बघायचा तो हर्णैलाच. सुवर्णदुर्ग समोर, किनाऱ्यावर लिलाव चाललेला, आणि टोपल्यांत पापलेट-सुरमईवर फोडलेल्या बर्फाचे ढीग. आईस हॉकीची रबरी चकती सामन्याआधी गोठवून ठेवतात, नाहीतर ती उसळते. आमच्याकडे गोठवायची सोय झाली की! फक्त ती सुरमईबरोबर मुंबईला रवाना होऊ नये एवढं बघायचं.

पुतण्याला हे सांगायला गेले तर तो माझ्याही पुढे. त्याने पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा मोबाईल घेतला आणि आमचा खेळाडू कागदावर उतरला: दाजी हर्णैकर, गोलरक्षक, उंची पाच फूट तीन इंच, जन्मगाव दापोली. त्याने काढलेल्या पोस्टरमध्ये दाजीच्या डोक्यावर हेल्मेटवरून बांधलेला लाल रुमाल आहे, हातात काठीऐवजी वल्हं, आणि मागे जाळं गोलाचं की मासेमारीचं ते कळत नाही. मला तर ते पोस्टर फ्रेम करून लावावंसं वाटतंय.

मग फायनलला गाणं नको? आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात, शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल टाकतात. जिंकायचं तर गाणं तिथल्या तिथे जुळवायला लागतं. मी शक्तीवाल्यांच्या बाजूने सवाल टाकला:

बर्फ नाही टीचभर, तरी गोल पडले बारा,
कोण खेळला सांगून जा, मगच बांध तुरा!

तुरेवाला म्हणजे अर्थातच पुतण्या. तो अंगणात येरझाऱ्या घालतोय, उत्तर जुळत नाहीये. आई ओटीवरून हे सगळं बघत होती.

"खेळतंय कोण पण?"

"कोणी नाही."

"मग जिंकलं कोण?"

"अजून व्हायचंय गं. दाजी फायनलला पोचला की आपण हर्णैला जाऊन माकूळ फेकणार. ऑक्टोपस नाही ना मिळत रोज."

आई उठलीच. "फेकायचं तर शिळं फेका. ताजं असेल तर आधी घरी आणा, मी सुकं करते. आणि त्या दाजीला म्हणावं, जेवायला थांब."