कपडे राखणारा

जगात विहिरीत उड्या मारणारी माणसे असतात, तशी काठावर बसून त्यांचे कपडे राखणारीही असतात. या दुसऱ्या जातीविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी तिच्यातला जुना, अनुभवी आणि विश्वासू इसम असल्यामुळे तो अधिकार आपण होऊन घेतो.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी मळ्यात एक मोठी पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली सारी पोरे तिथे लोटत. नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून त्याला खुशाल ढकलून द्यायचे आणि आठवड्याभरात तोच पोरगा मोटेच्या जुन्या थारोळ्यावरून मुटके मारू लागायचा. अधिक धीट असत ते सूर मारीत. मी मात्र काठावरच्या आंब्याखाली सदरे, चड्ड्या, एखाद्याचे चांदीचे कडे असा सारा खजिना सांभाळत बसे. माझ्या आईचा पाठचा भाऊ लहानपणी विहिरीत गेला होता. "विहिरीच्या पाण्याला शिवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," अशी तिची शपथ होती. एवढ्या शपथेवर मी पोहायला शिकलो नाही, हे कोणालाही पटेल. पण खरे सांगायचे तर शपथ नसती तरी मी सूर मारला असता की नाही, याची मला आजही शंका आहे. शपथ सोयीची होती.

पुढे विमा कंपनीत छत्तीस वर्षे नोकरी केली. म्हणजे तेच काम, फक्त आंब्याऐवजी पंख्याखाली. लोकांनी उड्या माराव्यात आणि त्यांच्या मागे राहील ते मी नीट नोंदून ठेवावे! प्रस्तावाच्या अर्जात 'आपणांस काही धोकादायक छंद आहे काय?' असा एक प्रश्न असे. तिथे 'नाही' लिहिलेले पाहिले की मला त्या गृहस्थाविषयी आपुलकी वाटायची.

असा हा मी, गेल्या जानेवारीत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, न्यूझीलंडमध्ये कावराऊ नदीच्या पुलावर उभा होतो. आमचे चिरंजीव क्राइस्टचर्चला नोकरी करतात. आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा त्याने आणि सूनबाईंनी मोटारीने क्वीन्सटाउनला जायचा बेत आखला. वाटेत टेकापोचे ते अशक्य निळे तळे आणि लिंडिस खिंडीतले पिवळ्या गवताचे डोंगर पाहून आमच्या सौ.ने एरवीची प्रवासातली तक्रारसुद्धा केली नाही. ते वर्णन इथे करीत नाही. प्रवासवर्णने लिहिणारे पुष्कळ आहेत. सांगायचे ते एवढेच, की क्वीन्सटाउनच्या अलीकडे एका घळीत हा पूल आहे, आणि तिथे सूनबाईंनी स्वतःच्या व नवऱ्याच्या नावाने दोन उड्या आधीच राखून ठेवल्या होत्या. मला त्यांनी विचारलेही नाही. कपडे राखणाऱ्याला कोण विचारतो?

आदल्या रात्री मुक्कामावर सूनबाईंनी या उडीचा सारा इतिहास सांगितला. पॅसिफिक महासागरात वानुआतू देशात पेंटेकोस्ट नावाचे बेट आहे. तिथले पुरुष सुरणासारख्या कंदांच्या हंगामात लाकडाचा उंच मनोरा उभारतात, आणि घोट्यांना रानवेली बांधून त्यावरून डोके खाली करून उडी घेतात. वेली अशा मोजून घेतलेल्या की खांदे जमिनीला जेमतेम लागावेत. मूळ कथा अशी, की नवऱ्याच्या जाचाला कंटाळून एक बाई वडावर चढली. तो मागोमाग चढला, तशी तिने खाली उडी टाकली. त्यानेही टाकली. बाईने घोट्यांना वेली बांधल्या होत्या, त्याने नव्हत्या. ही गोष्ट आमच्या सौ.ला फार आवडली. तिने ती पुन्हा सांगायला लावली.

मला त्या इतिहासातली दुसरीच हकीकत झोपू देईना. १९७४ साली इंग्लंडच्या राणीची तिथे भेट ठरली म्हणून पाहुणीसाठी हंगाम नसताना उड्या ठेवल्या. त्या दिवसांत वेलींत पुरेसा रस आणि लवचीकपणा नसतो. वेली तुटल्या आणि एक माणूस दगावला. छत्तीस वर्षे दावे तपासलेला माणूस अशी गोष्ट ऐकून कूस बदलत राहणार नाही तर काय!

बाकीचे त्या मानाने अलीकडचे आहे. १९७९ साली ऑक्सफर्डच्या काही अवलियांनी ब्रिस्टलच्या झुलत्या पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या. तारीख होती एक एप्रिल, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. मग ए. जे. हॅकेट या न्यूझीलंडच्या पठ्ठ्याने १९८७ मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी ठोकली. पोलिसांनी धरले आणि लवकरच सोडूनही दिले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, त्याने हेन्री व्हॅन ॲश या जोडीदाराबरोबर कावराऊच्या या पुलावर पैसे घेऊन उड्या मारू देण्याचा कायमचा धंदा सुरू केला. जगातला असा पहिलाच. पूल १८८० सालचा, सोन्याच्या खाणींच्या मुलखाकडे जाणारा, दगडी कमानींत लोखंडी दोरांवर तोललेला. उंची ४३ मीटर, म्हणजे आपल्याकडची चौदा मजली इमारत धरा. आता आपल्या ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून उड्या मारतात म्हणे. कोणाला इकडेच सोय हवी असेल तर सांगून ठेवतो.

सकाळी पुलावर पोचलो. खाली नदी म्हणजे काचेच्या हिरव्या बांगड्या वितळवून ओतल्यासारखी. सूनबाईंनी मंगळसूत्र सासूच्या हवाली केले, बाकीचे माझ्याकडे आले. दोन फोन, दोन पाकिटे, घड्याळ, चिरंजीवांचा चष्मा. मी सवयीने सगळे रुमालावर नीट मांडून गाठोडे केले.

सूनबाई आधी गेली. फळीच्या टोकावर उभी राहिली, आमच्याकडे पाहून हसली आणि पाखरू उडावे तशी गेली. "आई गंऽऽ" एवढे मराठी त्या घळीत घुमले. मग चिरंजीव.

तो टोकापर्यंत गेला. हात पसरले. तिथल्या पोराने पाचापासून आकडे उलटे मोजले. तो हलला नाही. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायच्या आधीच तो मागे सरला. तिथली माणसे चांगली. कोणी हसले नाही, एकाने तर पाठ थोपटली. तो आमच्याकडे आला, "पाठीत जरा चमक आहे," असे काहीसे म्हणाला, माझ्या हातून चष्मा घेतला आणि पुसू लागला. स्वच्छ काच तो पुसतच राहिला.

ते पुसणे मी ओळखले. तो दहा वर्षांचा असताना पुण्यात मी त्याला पोहायच्या तलावावर नेत असे. माझी शपथ त्याला लागू नव्हती ना! पोहायला तो चांगला शिकला. एक दिवस बरोबरीची मुले उंच फळीवर चढली, तसा हाही चढला. टोकाशी गेला, आणि मी खालून ओरडलो, "नको! पडशील! उतर खाली!" साऱ्या तलावाने ऐकले. तो वळला, आणि शिडीच्या एकेक पायरीवरून पाठमोरा उतरला. खाली आल्यावर टॉवेलने तोंड पुसत राहिला, किती तरी वेळ. पुन्हा त्या फळीकडे गेला नाही, आणि मला त्याचे समाधान वाटले होते. वीस-बावीस वर्षे मी ते समाधान जपून ठेवले होते. कपडे राखणाऱ्याकडे काय काय शिल्लक राहते पाहा.

"हे धर जरा," मी म्हणालो, आणि गाठोडे त्याच्या हातात दिले. त्याला वाटले, मी हात धुवायच्या जागेकडे निघालो आहे.

मी तिकीटघराकडे गेलो. वाटेत दोनदा थांबलो. मुलाला जे जमले नाही ते बापाने चारचौघांत करून दाखवावे, ही काही मर्दुमकी नव्हे. तो एक प्रकारचा मारच. हे मला कळत होते. पण त्याला जे सांगायचे होते, की ही भीती तुझी नव्हे रे, ती माझ्याकडची आहे आणि माझ्याकडे आईकडून आली आहे, ते मोटारींच्या तळावर उभे राहून कसे सांगणार? आमच्या घरात असे बोलण्याची रीत नाही. आम्ही एकमेकांना फार तर "जेवलास का" विचारतो.

तिथे रक्तदाबाची, डोळ्यांची चौकशी झाली. वजन केले. अडुसष्ट किलो. ते हातावर शाईने लिहिले, बाजारातल्या पोत्यावर लिहितात तसे. दोर म्हणजे रबराच्या असंख्य बारीक धाग्यांचा जुडगा. उडी मारणाऱ्याच्या वजनाप्रमाणे तो निवडतात, म्हणून हा खटाटोप. हप्ता वयावर ठरतो, दोर वजनावर. मला ती व्यवस्था शास्त्रशुद्ध वाटली आणि जरा धीर आला.

हातावरचा आकडा पाहून सौ.च्या लक्षात आले. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग दूर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले. "आधी कवळी काढा," ती म्हणाली. मी दोन दातांची कवळी, चष्मा आणि घड्याळ तिच्या हाती दिले. आयुष्यात प्रथमच माझे सामान कोणीतरी राखणार होते.

घोट्यांभोवती टॉवेल गुंडाळून त्यावर पट्टे आवळले, कमरेलाही जादा एक पट्टा. मग पाय बांधलेल्या कोंबडीसारखे सरकत टोकाशी जायचे. त्या पोराने विचारले, पाण्याला हात लावायचाय का? दोर तसा बेतून देता येतो. मी घाईने 'नको' म्हणालो. आईची शपथ निदान तेवढी तरी पाळली.

टोकाशी गेलो आणि मागे सरलो. हे लपवण्यात अर्थ नाही, चौघांनी पाहिले आहे. भीती पोटात वाटते असे म्हणतात. मला ती तळपायांत वाटली, तळपाय फळीला चिकटले होते. दुसऱ्यांदा आकडे मोजले तेव्हा मी शूर झालो नाही. फक्त पुढे झुकलो, आणि मग झुकणे परत घेता येईना. सूर नव्हे, मुटका नव्हे. ज्वारीचे पोते माळ्यावरून ढकलावे तसा मी गेलो.

दोन-अडीच सेकंदांचे काम. कानात वारा, हिरवा रंग मोठा होत येतो, आणि आता संपले म्हणेतो घोट्यांना कोणीतरी हलकेच धरते. हलकेच, हे नवल! मग ते तुम्हाला परत वर फेकते, आणि तुम्ही दुसऱ्यांदा पडता. हे दुसरे पडणे वाईट, कारण त्यात आपला काहीच निर्णय नसतो. शेवटी झोके ओसरले, खाली तराफ्यात बसलेल्या दोघांनी लांब काठी पुढे केली, ती धरली आणि त्यांनी मला मासळीसारखे आत घेतले. मी काय ओरडलो मला आठवत नाही. सौ. सांगते, "आई."

काठावरून वर चढायला पायऱ्या आहेत. पाय कापसाचे झाले होते. निम्म्या वाटेवर चिरंजीव उतरून आला होता. त्याच्या हातात गाठोडे होते, त्यात आता माझेही सामान. त्याने चष्मा माझ्या नाकावर स्वतः ठेवला.

"बाबा, तुम्ही पहिल्यांदा मागे सरलात."

"हो."

"काय दिसलं?"

"चष्मा कुठे होता?"

तो हसला. मग आम्ही त्या पायऱ्यांवरच बसलो, आणि मी त्याला आईच्या भावाची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊकच नव्हती. आजीला एक भाऊ होता, हेही ठाऊक नव्हते. तलावाच्या फळीची गोष्ट मात्र मला सांगावी लागली नाही. "ते मला आठवतं," एवढेच तो म्हणाला, आणि कवळीचा रुमाल माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी परतताना तोच रस्ता. पूल आला तशी त्याने मोटार सावकाश केली. सूनबाई काही बोलली नाही, मीही नाही. त्याने पुलाकडे नीट पाहिले आणि मोटार पुढे काढली. मैलभर गेल्यावर म्हणाला, "बाबा, दिवाळीत येऊ तेव्हा ती कऱ्हाडची विहीर दाखवाल?"

मी "हो" म्हणालो. तिच्यावर आता लोखंडी जाळी बसवली आहे, हे सांगायचे राहिले.

"तो उतरेल विहिरीत," मागून सौ. म्हणाली, "आणि तुम्ही काय करणार तिथे? कपडे राखणार?"

पुढे क्रॉमवेल आले. तिथे जर्दाळू चांगले मिळतात, म्हणून उतरलो.