‘एवढ्यानं काय होतंय!’

आपल्या मराठीत ‘तडजोड’ हा शब्द बिचारा उगाच बदनाम झाला आहे. तिची खरी कामगिरी दुसरेच शब्द बजावीत असतात. ‘जमवून घ्या’, ‘सांभाळून घ्या’, आणि सगळ्यांत गोड म्हणजे ‘एवढ्यानं काय होतंय!’ गेली वीस वर्षं मी मराठी शिकवतो आहे. पण याच्याइतकं बिनतोड वाक्य मला कुठल्याही ग्रंथात आढळलेलं नाही. शिवाय ते उच्चारणारा माणूस बहुधा आपलं भलं चिंतणाराच असतो. खरी अडचण तीच!

हे वाक्य न मानणाऱ्या एका शेतकऱ्याची हकीगत मध्यंतरी माझ्या वाचनात आली. फ्रान्झ येगरश्टेटर त्याचं नाव. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यात १९०७ साली तो जन्मला. तरुणपणी थोडा उनाडच. १९३६ साली फ्रान्झिस्काशी लग्न झालं, दोघं रोमची यात्रा करून आली, पुढे तीन मुली झाल्या. कॅथलिक श्रद्धा त्याच्या अंगात मुरत गेली. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया घशात घालून वर लोकांचा कौल मागितला, तेव्हा गावात विरुद्ध मत देणारा हा एकटा.

पुढे लष्कराचं बोलावणं आलं. हे युद्ध अन्यायाचं आहे, त्यात बंदूक उचलणं म्हणजे पाप, असं त्याच्या मनानं घेतलं. गावानं समजावलं, नातेवाइकांनी समजावलं. तो लिंट्झच्या बिशपकडे गेला. त्यांनीही बायकामुलांच्या जबाबदारीचीच आठवण दिली. ज्या धर्मासाठी तो अडून बसला होता, त्या धर्माचे वडीलधारेच त्याला ‘जमवून घे’ म्हणत होते! मार्च १९४३ मध्ये त्यानं छावणीत जाऊन नकार सांगितला. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता. पण ते कुणी ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय अवघं छत्तीस.

खरं सांगायचं तर वाचताना मला आधी कौतुक वाटलंच नाही, रागच आला. शेजारच्या खोलीत माझी मुलगी गणितं सोडवीत बसली होती. मनात आलं, या गृहस्थानं त्या तीन पोरींचा विचार करायला नको होता का? हे मी मोठ्यानं बोललो. तशी हातातलं विणकाम न थांबवता सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पण त्याची बायको काय म्हणत होती?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. फ्रान्झिस्कानं आधी त्याची मनधरणी केली. पण सगळे त्याच्याशी वाद घालताहेत असं पाहिल्यावर ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आपणही साथ सोडली असती तर त्याला कुणीच उरलं नसतं, असं ती पुढे सांगत असे. गावानं दोष तिच्याच माथी मारला. विधवेचं निवृत्तिवेतनदेखील १९५० पर्यंत मिळालं नाही. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयानं ती शिक्षा रद्द ठरवली, आणि २००७ साली चर्चनं त्याला ‘धन्य’ म्हणून गौरवलं, तेव्हा ती हजर होती. २०१३ साली, वयाची शंभरी पूर्ण करून ती वारली.

मी ख्रिस्ती नव्हे, आणि शूर तर मुळीच नव्हे. गेल्या वर्षी, न झालेल्या एका बैठकीच्या वृत्तांतावर मी सही केली नाही. शिक्षा काय, तर आठ दिवस कुणी मला चहा विचारला नाही! त्याच्यापुढे हे सांगायचीही लाज वाटते. पण मला जे वाक्य ऐकवण्यात आलं, ते मात्र त्याच जातीचं होतं.

फ्रान्झच्या नकारानं युद्ध एक दिवसही लवकर संपलं नाही. ‘एवढ्यानं काय होतंय’ असं विचारणाऱ्यांचा हिशेब बरोबरच होता म्हणायचा. पण त्याचा प्रश्न एका शब्दानं निराळा होता. ‘एवढ्यानं माझं काय होईल?’ असं तो स्वतःला विचारीत होता. आणि या प्रश्नातलं ‘माझं’ म्हणजे त्याचा जीव नव्हे, एवढं तुम्ही ओळखलंच असेल.