ओल्या दगडावरची रात्र

पान उघडलं तेव्हा आधी वाटलं, छपाई बिघडलीय. निळसर करडा कागद, मधोमध धुरकट पट्टा. त्यात काही चिमण्या, एक मनोरा, आणि खाली पाण्यात त्यांचेच लांबलेले ओघळ. शाई कमी पडली असावी असं म्हणून पान उलटणार, तेवढ्यात त्या पट्ट्यात नदी दिसली. लंडनची थेम्स, बॅटरसीचा काठ. चित्रकार व्हिस्लर, साल १८७८, नाव ‘नॉक्टर्न’. हे रात्रीच्या संगीताचं नाव त्याला सुचवलं ते लेलँड नावाच्या पियानोवेड्या जहाजमालकानं. मला ते जरा नटवंच वाटतं. ‘रात्र’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

व्हिस्लर समोरच्याच काठावर, चेल्सीत राहायचा. रात्री ग्रीव्हज नावाचे नावाड्याचे दोन मुलगे त्याला होडीतून फिरवून आणत. अंधारात रंगवणार कसं? म्हणून तो नुसतं बघायचा, मग पाठ फिरवून काय काय दिसलं ते सोबत्याला म्हणून दाखवायचा. आमच्याकडे दिवेलागणीला पावकी-निमकी घोकत, तशी तो नदी घोकत असे.

हे चित्र मात्र दगडावरचं. थॉमस वे या मुद्रकानं त्याला शिळाछापाची गोडी लावली. दगडावर आधीच फिकट करडा थर दिलेला असे. त्यावर पातळ तेलकट शाईचे हात देऊन गडद करायचं आणि उजेड हवा तिथे खरवडायचं. म्हणजे संध्याकाळ आयतीच तयार.

असा एक दगड आमच्या आजोळी होता. मोरीच्या बाहेर, पाय धुवायला टाकलेला. चार बोटं जाड, बेसनाच्या वडीच्या रंगाचा, इतका गुळगुळीत की पावसाळ्यात हमखास कुणीतरी घसरायचं. गावातला शिळाप्रेस बंद पडला तेव्हा आजोबांनी तो हातगाडीवरून आणलेला. कोरडा असताना त्याच्यावर काही दिसत नसे. तांब्याभर पाणी ओतलं आणि ते ओसरायला लागलं की बारीक काळपट ओळी वर यायच्या. पाणी त्यांच्यावर टिकायचं नाही, कडेकडेनं पळायचं. तेल आणि पाण्याच्या या वैरावरच सगळा शिळाछाप चालतो हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की अक्षरं आपली आहेत, पण उलटी. मी आईचा हातआरसा पळवून आणला, उकिडवी बसले आणि बऱ्याच वेळानं एक शब्द लागला : ‘वर्ज्य’. जुन्या पंचांगाचं पान होतं ते.

“अगं, अक्षरावर पाय देऊ नये,” आजी म्हणायची, आणि स्वतः दगडाच्या शेजारी चिखलात उभी राहून पाय धुवायची. बाकीचं घर दगडावरच. तो हलवावा असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं तेही दगडावरूनच. शाईत जनावराची चरबी म्हणून सोवळ्यातले लोक नाकं मुरडत. तेव्हा त्यांनी पोथ्यांसाठी तुपाची शाई केली असं सांगतात. तुपातलं पंचांग! आजीनं ऐकलं असतं तर पाय धुवायला थेट विहिरीवर गेली असती.

शाईतला काळा रंग काजळीचा. बॅटरसीच्या त्या चिमण्याही कोळशाची काजळीच ओकत होत्या, आणि ज्या धुक्यावर चित्रकार इतका लुब्ध होता त्यात निम्मा तोच धूर. तिकडच्या लोकांच्या छातीत काय साचत होतं ते चित्रात नाही. मी तरीही ते पान पुन्हा पुन्हा उघडते. हे चित्र केलं त्याच वर्षी व्हिस्लर, अशाच एका रात्रीच्या चित्राला नावं ठेवणाऱ्या कलासमीक्षक रस्किनवरचा, बदनामीचा खटला जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पुढच्या वर्षी दिवाळं निघालं.

छापून झालं की दगड वाळू-पाण्यानं घासतात आणि नवं चित्र काढायला घेतात. आमचा दगड कुणी असा घासला नाही. मामा त्यावर विळीला धार लावायचा, त्यात मधल्या चारपाच ओळी गेल्या. ‘वर्ज्य’ कडेला होतं, ते राहिलं.