मोत्याची भाकरी

अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात आमचे घर. आईवडील मजुरीला जात. आम्हा भावंडांना आजी सांभाळायची, आणि आमच्या मोत्यालाही. मोत्या साधा गावठी कुत्रा.

एकदा आम्ही उंबऱ्यातूनच शिळा तुकडा त्याच्यापुढे फेकला. आजी कडाडली, "वरून टाकू नको. वाकून ठेव. अन् ताज्यातली दे."

कुत्र्याला एवढा मान कशाला, असे आम्हाला वाटले. मग आजीने सांगितले. लहानपणी ती आईबरोबर गावात येसकराची भाकरी मागायला जाई. शिवायला नको म्हणून बाया वरूनच पदरात तुकडा टाकीत. कधी शिळा, कधी बुरसलेला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी हे शिळे तुकडे सोडायला सांगितले होते. ते म्हणणे वस्तीत पोहोचले आणि आजीच्या वडिलांनी मागणे बंद केले.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली. चांडाळांचे धन कुत्री आणि गाढवे, त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे, असे तिच्यात लिहिले आहे. आजीने मोत्याला फुटके भांडे कधी दिले नाही. त्याची जर्मनची थाळी रोज घासलेली असे.

बंधू-भगिनींनो, कुत्र्याला भाकरी पचते. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिठूळ अन्न चांगले पचते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. पण आपल्या ताटातले सगळेच त्याला चालत नाही. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होतात, ते आतड्यात रुततात. म्हणून फोडणी आणि तिखट-मीठ घालण्याआधीच त्याची डाळ बाजूला काढावी, तिच्यात ताजी भाकरी कुस्करावी. जमेल तेव्हा उकडलेले अंडे घालावे. नुसत्या भाकरीने पोट भरते, अंग भरत नाही. आणि दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी, घरात लहान लेकरे असतात.

आज आजी नाही, मोत्याही नाही. दारात आता एक तांबडी कुत्री असते. आमची मुले तिची थाळी वाकून ठेवतात. का वाकायचे, ते आम्ही त्यांना सांगितले आहे. तुम्हीही आपल्या लेकरांना सांगा.